उद्घाटनाच्या दिवशी सगळ्याच इमारती हिरव्या असतात

लंडनच्या ‘सिटी’ भागात एक इमारत पाडायची की ठेवायची, यावरून गेली काही वर्षं कडाक्याचं भांडण चाललं आहे. लंडनच्या इतिहासाचं संग्रहालय १९७६ साली तिथे, खास त्याच्यासाठी बांधलेल्या वास्तूत सुरू झालं आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याने तिथून मुक्काम हलवला. ती वास्तू आणि शेजारचं बॅस्टियन हाउस पाडून कार्यालयांच्या नव्या इमारती बांधायला सिटीच्या कॉर्पोरेशनने एप्रिल २०२४ मध्ये मंजुरी दिली. गंमत पुढेच आहे. संग्रहालयाचं नवं घर म्हणजे स्मिथफील्डचा जुना मांसबाजार : एकोणिसाव्या शतकातलं जनरल मार्केट आणि १९६० च्या दशकातलं, काँक्रीटच्या भल्यामोठ्या घुमटाचं पोल्ट्री मार्केट. म्हणजे संग्रहालय जुन्या वास्तूत राहायला जाऊन पर्यावरणाचं पुण्य पदरात पाडून घेणार आणि त्याचं स्वतःचं जुनं घर मात्र जमीनदोस्त करायची परवानगी मिळणार, तीही ‘नवी इमारत अधिक हरित असेल’ हे कारण सांगून. दोन्ही बाजूंकडे जाडजूड अहवाल आहेत. ‘पाडा’ म्हणणारे सांगतात, जुनी इमारत वीज खाते. ‘पाडू नका’ म्हणणारे सांगतात, पाडून बांधण्यात जो कार्बन जाईल तो साठ वर्षांतही भरून निघणार नाही. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या मार्क्स अँड स्पेन्सरच्या दुकानावरून हेच रामायण झालं होतं : २०२३ मध्ये पाडकामाला मंत्र्यांचा नकार, २०२४ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला, डिसेंबरमध्ये नव्या मंत्र्यांचा होकार.

मला या भांडणात दोन्ही बाजू चुकीच्या जागी हिशेब मांडताना दिसतात. दोघांचाही हिशेब फीत कापण्याच्या दिवशी संपतो. पुढची साठ वर्षं तक्त्यात असतात खरी, पण ती गृहीत धरलेली असतात : इतके लोक येतील, इतक्या खिडक्या उघडतील, इतकी वीज लागेल. ग्रंथालय, शाळा, तरणतलाव, नगरपालिकेचं कार्यालय या इमारती हिरव्या आहेत की नाहीत हे नकाशावरून कळत नाही, आणि त्या नव्या आहेत की जुन्या यावरूनही कळत नाही. दहाव्या वर्षी ती इमारत आठवड्याला किती तास उघडी असते, त्या तासांना किती इंधन जळतं आणि तिची नस ओळखणारा पगारी माणूस तिथे टिकला आहे का, हे पाहिल्याशिवाय ‘शाश्वत’ हा शब्द उच्चारूच नये, असं माझं मत आहे. घर पाहावं बांधून, असं आपण म्हणतो. सार्वजनिक घर पाहावं चालवून.

पाडकामाला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं बऱ्याच अंशी बरोबर आहे, हे आधी कबूल करते. इमारतीचा कार्बन दोन वाटांनी जातो. एक वाट रोजच्या वापराची : दिवे, ऊब, गरम पाणी. दुसरी वाट बांधकामाची : सिमेंटची भट्टी, पोलाद, काच, वाहतूक. ही दुसरी उधळण पहिल्या माणसाने आत पाऊल टाकण्याआधीच होऊन गेलेली असते. एकेकाळी पहिली वाट इतकी रुंद होती की दुसरीकडे कोणी बघतच नसे. आता तसं राहिलेलं नाही. ब्रिटनमध्ये कोळशावरची सार्वजनिक वीज १८८२ साली लंडनच्या होबर्न व्हायाडक्टवर सुरू झाली आणि शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र, नॉटिंगहॅमजवळचं रॅटक्लिफ, ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं. वीज जितकी स्वच्छ होईल तितका ‘नवी इमारत वीज वाचवील’ या युक्तिवादाचा दम कमी होत जाणार. वाचवलेल्या युनिटमागे आता पूर्वीइतका कार्बन वाचत नाही, पण ओतलेल्या काँक्रीटचा कार्बन तेवढाच. ‘सगळ्यात हरित इमारत म्हणजे आधीच उभी असलेली इमारत’ हे कार्ल एलेफांटे या अमेरिकन वास्तुकाराचं वाक्य म्हणूनच आज इंग्लंडातल्या प्रत्येक सभेत ऐकू येतं. आणि तरीही इथला कर उलट दिशेला ढकलतो : नव्या घराच्या बांधकामावर व्हॅट शून्य, जुन्या घराच्या डागडुजीवर बहुतेक वेळा २० टक्के. बांधकामातल्या कार्बनला कायद्याने मर्यादा घालावी म्हणून २०२२ मध्ये संसदेत एक खाजगी विधेयक आलं, तेही तिथेच विरून गेलं.

इतकं मान्य केल्यावरही ‘जुनं ते सोनं’ हा काही इमारतींचा सिद्धान्त होऊ शकत नाही. ३१ ऑगस्ट २०२३ ला, शाळा उघडायला चार दिवस उरलेले असताना, इंग्लंडच्या शिक्षण खात्याने १०४ शाळांना कळवलं की ‘रॅक’ छपराखालचे वर्ग ताबडतोब बंद करा. रॅक म्हणजे बुडबुडे भरलेलं हलकं काँक्रीट; कापलं तर एखाद्या चॉकलेटसारखं आतून जाळीदार दिसतं. युद्धानंतरच्या दशकांत शाळा आणि इस्पितळं झपाट्याने बांधायची म्हणून ते वापरलं गेलं. त्याचं आयुष्य तीसेक वर्षांचं धरलं होतं आणि २०१८ मध्ये केंटमधल्या एका प्राथमिक शाळेचं छप्पर शनिवार-रविवारच्या सुट्टीत खाली आलं, म्हणून मुलं वाचली. अशा छपराखाली मुलांना बसवून आपण किती कार्बन वाचवला याचे आकडे कोण मोजणार? पण प्रश्न असा विचारून पाहा : तीस वर्षांचं छप्पर साठ वर्षं डोक्यावर राहिलं, ते कोणाच्या चुकीने? ज्याने रॅक निवडलं त्याने तेव्हाच्या ज्ञानानुसार निवडलं. चूक त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी झाली, कारण छपरावर चढून बघणारा माणूस एकेक करून कमी होत गेला.

नव्या इमारतींचीही गोष्ट हीच. बर्मिंगहॅमचं मध्यवर्ती ग्रंथालय १९७४ साली उघडलं. वास्तुकार जॉन मॅडिन. पायऱ्यांचा मनोरा उलटा ठेवावा तसं त्याचं काँक्रीटचं रूप. आजचे राजे चार्ल्स तेव्हा युवराज होते आणि त्यांनी ही जागा पुस्तकं ठेवायची नव्हे, जाळायची वाटते, असा टोमणा मारला होता. वास्तूने जेमतेम चाळिशी गाठली. ३ सप्टेंबर २०१३ ला शेजारच्या चौकात नवं ग्रंथालय उघडलं, मलाला युसूफझाईच्या हस्ते, जवळजवळ १९ कोटी पौंड खर्चून, आणि २०१६ मध्ये जुन्याचा ढिगारा झाला. नव्याला पर्यावरणाच्या परीक्षेत ‘एक्सलंट’ शेरा मिळाला. मग एप्रिल २०१५ उजाडला. पालिकेकडे चालवायला पैसे नव्हते, म्हणून आठवड्याचे ७३ तास ४० वर आले आणि कर्मचाऱ्यांत मोठी कपात झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये तर पालिकेने हात वर केले. दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरची, कलम ११४ ची नोटीस काढली. आता सांगा, या ग्रंथालयाच्या शाश्वततेचा हिशेब कसा मांडायचा? चौरस मीटरमागे वीज मोजली तर तास कमी झाल्यावर आकडा सुधारेल. बंद ग्रंथालय हे जगातलं सगळ्यात काटकसरी ग्रंथालय असतं! वाचकाच्या एका तासामागे किती, असं विचारलं की मग त्या १९ कोटींच्या सोनेरी-काळ्या वर्तुळांकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं. इमारत वाईट आहे असं मी म्हणत नाही. मला ती आवडते. वरच्या गच्चीत बसून गाव बघायला मजा येते. म्हणणं इतकंच, की तिला ‘एक्सलंट’ म्हणणाऱ्या कागदावर ‘उघडी राहील का’ हा रकानाच नव्हता.

तो कागद म्हणजे ‘ब्रीअम’. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने १९९० मध्ये सुरू केलेली ही गुणांकनाची पद्धत. पुढे जगभर निघालेल्या अशा पद्धतींची थोरली बहीण. तिची टर उडवणं सोपं आहे, पण न्याय्य नाही. तिच्याआधी सरकारी इमारतीच्या निविदेत पाणी, लाकडाचा उगम, सायकलतळ, सूर्यप्रकाश यांबद्दल कोणी ओळही लिहीत नसे. जे मोजलं जात नाही त्याकडे कंत्राटदार बघत नाही, हे सत्य आहे, आणि ब्रीअमने मोजायला लावलं. अडचण अशी, की गुण मुख्यतः आराखड्याला आणि बांधकामाला मिळतात, वागणुकीला नाही. मुलाला प्रवेशपरीक्षेच्या गुणांवरच डॉक्टर म्हणायला लागावं तसं ते आहे. लंडनमधलं ब्लूमबर्गचं मुख्यालय घ्या. ते खाजगी आहे, पण उदाहरण बोलकं आहे. २०१७ मध्ये उघडलं, ब्रीअमचे ९८.५ टक्के गुण मिळाले, पुढच्या वर्षी ब्रिटिश वास्तुकलेचा सर्वोच्च मानला जाणारा स्टर्लिंग पुरस्कारही. त्याच इमारतीला ६०० टन ब्राँझ जपानहून आलं आणि ग्रॅनाइट आपल्या भारतातून. आपल्याकडच्या डोंगराचा तुकडा समुद्रापार जाऊन ‘शाश्वत’ ठरला, याचा अभिमान वाटून घ्यावा की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

हे सगळं कोणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. १९९५ ते २००२ या काळात ‘प्रोब’ नावाच्या अभ्यासमालिकेत बिल बोर्डास, एड्रियन लीमन आणि सहकाऱ्यांनी गाजलेल्या नव्या इमारतींमध्ये काही वर्षांनी पुन्हा जाऊन मीटर वाचले, माणसांशी बोलले. नकाशातला आकडा आणि मीटरवरचा आकडा यांच्यात दरी निघाली, ती अनेकदा भली रुंद. कारणं ऐकून हसू यावं अशी : रात्रभर चालू राहिलेले पंखे, कोणालाच न कळणारी नियंत्रणं, कोणीतरी सुट्टीच्या आधी ‘मॅन्युअल’वर टाकून विसरून गेलेला बॉयलर. त्यानंतर कायदाही आला. ऑक्टोबर २००८ पासून इंग्लंड आणि वेल्समधल्या मोठ्या सार्वजनिक इमारतींना प्रत्यक्ष खर्च झालेल्या इंधनावरून ‘ए’ ते ‘जी’ अशी श्रेणी देणारं प्रमाणपत्र दर्शनी जागी लावणं सक्तीचं झालं. कल्पना उत्तम. मार्कांची पाटी नव्हे, बिलाची पाटी. पण उद्घाटनाच्या कोनशिलेला जो मान मिळतो तो या कागदाला कधी मिळाला नाही. बातमी ब्रीअमच्या ‘आउटस्टँडिंग’ शेऱ्याची होते, ‘डी’ची होत नाही.

आमच्या गावातल्या (नाव मुद्दाम घालत नाही) नव्या ग्रंथालयात खिडक्या आपोआप उघडतात. आतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की छपराजवळच्या झडपा उघडाव्यात, अशी योजना. पहिल्या हिवाळ्यात त्या लहान मुलांच्या गोष्टींच्या तासाला नेमक्या उघडायच्या, कारण चाळीस मुलं आणि त्यांच्या आया एकदम श्वास घेत होत्या. थंडगार वारा थेट बाळांच्या डोक्यावर. तिथल्या बाईंनी संवेदकावर चिकटपट्टी लावली. मग झडपा कायमच्या बंद, उन्हाळ्यात उकाडा, आणि टेबलाटेबलावर भाड्याने आणलेले विजेचे पंखे. यात दोष कोणाचा? संवेदकाचा नाही, बाईंचा तर नाहीच. झडपेचं गणित थोडं बदलायचं होतं. ते बदलता येणारा माणूस वर्षातून एकदा दुसऱ्या शहरातून यायचा, आणि त्याचं येणंही पुढे काटकसरीत गेलं.

या चिकटपट्टीला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. १८३४ च्या आगीत वेस्टमिन्स्टरचा राजवाडा जळाला आणि नव्या संसदेत हवा खेळवण्याचं काम डॉ. डेव्हिड बॉसवेल रीड या स्कॉटिश रसायनतज्ज्ञाकडे आलं. विजेचे पंखे नाहीत. गरम हवा वर जाते या तत्त्वावर, भुयारं, पोकळ भिंती आणि उंच मनोरे यांतून हजारो माणसांच्या श्वासाची सोय करायची होती. आज संसदेच्या मधोमध दिसणारा अष्टकोनी मनोरा रीडच्या हट्टामुळे आला. शोभेसाठी नाही, हवेसाठी. पण वास्तुकार चार्ल्स बॅरी आणि रीड यांचं हाडवैर जमलं. एकाने भिंत आखायची, दुसऱ्याने तिच्यात भोक मागायचं. शेवटी वाटणी झाली : लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहाची हवा बॅरीकडे, कॉमन्स या कनिष्ठ सभागृहाची रीडकडे. एका वाड्यात दोन हवा! खासदार कधी गारठले, कधी गुदमरले, आणि १८५२ मध्ये रीडला घालवून देण्यात आलं. आता त्याच माणसाचं दुसरं काम बघा. लिव्हरपूलचं सेंट जॉर्जेस हॉल, १८५४ मध्ये उघडलेलं. तिथेही तीच तत्त्वं, तोच रीड. आणि तिथे ती चालली. तळघरात हवा गाळून, गरम किंवा थंड करून वर सोडली जाई आणि कोणत्या दालनात किती सोडायची हे कॅनव्हासचे पडदे उघडून-मिटून ठरवणारी माणसं नेमलेली होती. कामगारांचा ताफाच. फरक शोधाचा नव्हता. एका ठिकाणी भांडणाऱ्या दोन मालकांच्या हाती यंत्रणा होती. दुसऱ्या ठिकाणी पडदा ओढणाऱ्या माणसाला पगार होता.

दीडशे वर्षांनी वेस्टमिन्स्टरमध्येच, रस्त्याच्या पलीकडे, खासदारांसाठी पोर्टकलिस हाउस उभं राहिलं : २००१, खर्च २३.५ कोटी पौंड, छपरावर हवेच्या चिमण्यांची रांग, थंडाव्यासाठी जमिनीखालचं पाणी, शंभरहून अधिक वर्षांच्या आयुष्याची हमी. आतल्या अंजिराच्या झाडांच्या भाड्यापोटीच दीड लाख पौंड गेले. आज पंचविशीत त्याचं काचेचं छप्पर गळतं आणि खासदार बादल्यांना वळसा घालून चालतात. रीडची भुतं हसत असतील.

इथे एक जोरदार आक्षेप येतो, आणि तो मला सगळ्यात अवघड वाटतो. ‘बांधणाऱ्यालाच पंचवीस-तीस वर्षं इमारत सांभाळायला लावा, म्हणजे तो नीट बांधेल,’ हाच विचार ब्रिटनने करून पाहिला आहे. खाजगी भांडवलाच्या, पीएफआय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनांत शाळा आणि इस्पितळं अशीच बांधली गेली. देखभाल करारातच होती. मग माझ्या म्हणण्याचं काय उरलं? २९ जानेवारी २०१६ च्या पहाटे, वादळात, एडिनबराच्या ऑक्सगँग्ज प्राथमिक शाळेची भिंत कोसळली. नऊ टनांच्या आसपास विटांचा ढीग, नशीब की मुलं घरी होती. तपासणीत निघालं की भिंतीच्या दोन थरांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्या पुरेशा आत रोवलेल्याच नव्हत्या. एप्रिलमध्ये शहरातल्या सतरा शाळा बंद कराव्या लागल्या. सगळ्या त्याच कराराखाली बांधलेल्या. पुढच्या वर्षी आलेल्या चौकशी अहवालाने बोट ठेवलं ते देखरेखीच्या अभावावर : पूर्वी बांधकामावर मालकाच्या वतीने रोज उभा राहणारा ‘क्लार्क ऑफ वर्क्स’ असे, तसा स्वतंत्र डोळा तिथे नव्हता. म्हणजे करारात देखभाल होती, आणि तरीही भिंत पडली, कारण सांभाळण्याची जबाबदारी लिहिताना पालिकेने स्वतःकडचं जाणतेपण सोडून दिलं. जबाबदारी बाहेर देता येते, शहाणपण देता येत नाही. आक्षेप माझं म्हणणं मोडत नाही, उलट नेमकं करतो : माणूस हवा, आणि तो मालकाचा हवा.

असं घडू शकतं का, की घडवता येतं याची स्वप्नंच बघायची? ब्रिस्टलजवळचं केन्शम घ्या, फारसं कोणाच्या खिजगणतीत नसलेलं गाव. तिथल्या नव्या नगरकार्यालयाची मागणी करतानाच पालिकेने ठरवलं की आम्हाला आराखड्यातली नव्हे, वापरातली ‘ए’ श्रेणी हवी. बांधणारे राहायला आल्यानंतरही मीटर बघत राहिले, दुरुस्त्या करत राहिले, आणि ती श्रेणी मिळाली. लाकडाचा वापर, उघडणाऱ्या खिडक्या, छपरावर सौर पत्रे. पुरस्काराच्या छायाचित्रात उठून दिसावं असं काही नाही. मला वाटतं, म्हणूनच आपल्यापैकी कोणी त्याचं नावही ऐकलेलं नसतं.

त्याहून मोठं उदाहरण एक्सेटरचं. सार्वजनिक तरणतलाव ही इंधनाची राक्षसीण असते. पाणी गरम ठेवा, त्यावरची हवा पाण्याहून जरा अधिक गरम ठेवा, आणि तरी पाण्याची वाफ होतच राहते. वाफ होताना उष्णता घेऊन जाते. ती दमट हवा थंड काचेवर जाऊन तिचं पाणी झालं की बुरशी, गंज, सडलेलं छप्पर, म्हणून हवा सतत बाहेर फेकायची, आणि फेकली की नवी हवा पुन्हा तापवायची. २९ एप्रिल २०२२ ला उघडलेल्या सेंट सिडवेल्स पॉइंटने हे दुष्टचक्र भिंतीपाशी तोडलं. जर्मनीत विकसित झालेल्या ‘पॅसिव्हहाउस’ मानकाप्रमाणे तिथे भिंती आणि काचा इतक्या बंदिस्त, इतक्या उबदार आहेत की त्यांच्यावर वाफेचं पाणी होत नाही. मग हवेत ओल थोडी अधिक राहू देता येते, ओल अधिक म्हणून पाण्याची वाफ कमी, वाफ कमी म्हणून तापवणं कमी. जादू काही नाही, भौतिकशास्त्र आहे. पण काळ बघा. त्याच वर्षी युक्रेनच्या युद्धानंतर इंधनाचे भाव असे भडकले की देशभरातल्या तलावांनी तास कापले, काहींनी टाळं लावलं. २०२३ च्या मार्चमध्ये सरकारला तलाव वाचवायला सहा कोटींहून अधिक पौंड काढावे लागले. कमी इंधन पिणारा तलाव महागाईतही उघडा राहू शकतो, मुलं पोहायला शिकू शकतात. ‘पालिका कफल्लक आहेत, त्यांना हे चोचले कुठून परवडणार?’ असं विचारणाऱ्यांना मी एवढंच विचारीन, की कफल्लक माणसाने दरमहा मोठं बिल येणारं घर घ्यावं का?

आणि हो, मी जुन्याच्या बाजूची की नव्याच्या, असं विचाराल तर लिव्हरपूलचं एव्हरीमन थिएटर दाखवीन. १८३७ च्या एका प्रार्थनागृहात वाढलेलं नाट्यगृह त्यांनी चक्क पाडलं. पण त्याच जागी, त्याच्याच २५,००० विटा वापरून नवं प्रेक्षागृह बांधलं, चारशे प्रेक्षकांना यांत्रिक वातानुकूलनाशिवाय मोकळी हवा मिळेल असं, आणि दर्शनी भागावर ऊन अडवायला १०५ झापा लावल्या, प्रत्येकीवर गावातल्या एका साध्या माणसाचं चित्र. २०१४ चा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला. पाडकाम विरुद्ध जतन या भांडणात हे कुठे बसवणार? नॉरिचच्या विद्यापीठातलं ‘एंटरप्राइज सेंटर’ २०१५ चं, संपूर्ण नवं, पण त्याच्या भिंतींना बाहेरून गवताचं शाकारणं आहे. लाकडाच्या चौकटीत पेंढा बसवून ती तयार तावदानं भिंतीला लावली. परगण्यातल्या शाकारणाऱ्या कारागिरांना हिवाळ्यात काम मिळालं. हे वाचून कोकणातल्या पावसाळ्याआधीच्या शाकारणीची आठवण येणाऱ्यांना मी सांगेन : तिथेही दर काही वर्षांनी गवत बदलावं लागेल, आणि ते बदलणारे हात परगण्यात शिल्लक राहिले तरच त्या भिंतीला अर्थ राहील.

सरकारने काय करावं, याची यादी द्यायची माझी हौस नाही. एकच गोष्ट बदलली तरी बाकी ओढत येईल : इमारतीसाठी मंजूर होणाऱ्या रकमेतच पहिल्या पाच वर्षांच्या केअरटेकरचा पगार आणि मीटरवाचनाचा खर्च धरावा, आणि तो नंतर कापता येऊ नये. भांडवली खर्च आणि चालू खर्च यांची खाती वेगळी, मंत्रालयं वेगळी, म्हणून आज नऊ कोटींची भिंत सहज मंजूर होते आणि तीस हजारांचा माणूस मंजूर होत नाही. सिटीच्या त्या वादातही मला हेच ऐकायला आवडलं असतं. जुन्या संग्रहालयाच्या जागी जे येणार त्याच्या साठ वर्षांच्या अंदाजाइतकंच, स्मिथफील्डच्या घुमटाखाली तापमान सांभाळणाऱ्या माणसांचा ताफा किती, त्यांचे पगार कोणत्या खात्यातून, आणि ते खातं किती वर्षं टिकणार? या प्रश्नावर कोणी मोर्चा काढलेला मी पाहिला नाही.

परवा आमच्या ग्रंथालयात पुस्तक परत करायला गेले होते. दाराशी ते इंधनाचं प्रमाणपत्र लावलेलं असतं, म्हणून शोधलं. हरवलेल्या मांजराच्या पत्रकामागे सापडलं. श्रेणी ‘डी’, मुदत दीड वर्षापूर्वी संपलेली. वर झडपेच्या संवेदकावर चिकटपट्टी अजून होती; नवी होती, जुनी सुटली असावी.